आत्याचं लिंपण

आबा, तुमच्या बहिणीनं आमच्या ड्रायरची भोकं शेणमातीनं लिंपून टाकली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आणि असं करू नको हे तिला सांगायची या घरात कुणाची छाती नाही, कारण तुम्ही तसं बजावून ठेवलेलं आहे. तुम्ही गेलात आणि निवांत झालात. तुमचा शब्द मात्र इथंच राहिला, दारात आडव्या बसलेल्या म्हशीसारखा. तिला उठवताही येत नाही आणि ओलांडून जाताही येत नाही.

ड्रायर काय ते आधी सांगतो, कारण तुमच्या वेळी आपल्याकडं तो नव्हता. तुम्ही लावलेल्या आवळ्याला आता फांद्या वाकेपर्यंत फळ येतं. सगळे आवळे एकाच महिन्यात येतात, त्यामुळं मोंढ्यात नेले तर व्यापारी पोतं उघडूनही बघत नाही, पायानं सरकवून ठेवतो. म्हणून तुमच्या सुनेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तालुक्याला जाऊन फळं वाळवायचं शिकून घेतलं. आवळे उकडायचे, फोडी मोकळ्या करायच्या, साखरेच्या पाकात मुरवायच्या आणि निथळून वाळवायच्या. पहिल्या वर्षी तिनं त्या अंगणात साडीवर पसरल्या, तर वाटूरच्या रस्त्यावरच्या सगळ्या ट्रकांची धूळ त्यांच्यावर बसली आणि धुळीवर माश्या बसल्या. मग आम्ही दोघांनी उन्हाची पेटी केली. ऐकून रागावू नका, पण पहिली पेटी तुमच्या लोखंडी बाजेच्या सांगाड्याची आहे. तळाला काळा रंग दिलेला पत्रा, त्याच्या वर मच्छरदाणीच्या जाळीचे ट्रे, आणि सगळ्यावर पारदर्शक प्लास्टिक. खालच्या बाजूनं हवा आत येते, पत्र्यावर तापते, फोडींतलं पाणी उचलते आणि वरच्या भोकांतून बाहेर जाते. वीज नाही, डिझेल नाही, खर्च म्हणावा असा खर्च नाही. वाळलेल्या फोडी जालन्यातल्या मस्तगडचा एक दुकानदार घेतो. सगळी करामत त्या वरच्या भोकांची आहे. तीच बंद केली तर पाणी जाणार कुठं?

आणि तीच तिनं बंद केली. यात तिचा दोष किती आणि तुमचा किती, याचा मी आठवडाभर विचार केला. प्रामाणिकपणे सांगतो, तुमचा जास्त निघतो.

तुम्ही सांभाळायचा ती मालकाची वखार मला आठवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावाकडून, आईजवळून, जालन्याला तुमच्याकडं यायचो. मोंढ्यातल्या त्या लांबलचक खोलीत छतापर्यंत पोती, ज्वारीचा गोड कोरडा वास, आणि त्या दिवसांत तिथंच कामाला असलेली आत्या कोपऱ्यात बसून सांडलेलं धान्य पाखडते आहे. तुम्ही पोत्यांच्या मधल्या बोळांतून फिरत असता, हात भिंतीवरून सरकवत. भिंतीत बोट जाईल एवढं भोक लागलं की तुम्ही थांबता. 'बाई' अशी हाक मारता. आत्या कालवलेल्या मातीचं घमेलं घेऊन येते, तुम्ही भोक दाखवता, ती बुजवते, वरून ओला हात फिरवते.  एका दुपारी मी एका पोत्याच्या उसवलेल्या शिवणीत बोट घालून ज्वारीची बारीक धार काढली, चिमण्यांसाठी. तुम्ही मारलं नाही. माझं बोट धरलं आणि त्या भोकावर दाबून मला तसंच उभं ठेवलं. म्हणालात, "हमाल सुई घिऊन येईस्तवर असाच थांब. मालकाचा दाणा हाय." बोटाला मुंग्या आल्या. हमाल त्याचं जेवण उरकून सावकाश आला. त्या दिवसापासून मलाही कुठं भोक दिसलं की चैन पडत नाही. तर जिनं उभी हयात भोकं बुजवण्यात घालवली तिला काय वाटत असेल? चांगल्या पेटीला वरून उघडी भोकं, आणि त्यांतून ऊन वाफ फुकट चाललेली. तिनं मनापासून चांगलं काम केलं, आबा. भोकाच्या कडेनं बोटांनी नक्षीसुद्धा काढली होती.

आम्ही दोघं नात्यातल्या लग्नाला जालन्याला गेल्तो. परत आलो तर पेट्यांचं प्लास्टिक आतून घामानं थबथबलेलं, आणि थेंब फोडींवर पडत होते. तुमच्या सुनेनं झाकण उचललं, तर हातभट्टीसारखा आंबूस वास आला. खालच्या ट्रेवर पांढरी बुरशी. सगळा घाणा, एका खेपेचा अख्खा माल, उकिरड्यावर गेला. शेळीनंही हुंगून तोंड फिरवलं. आत्या ओट्यावर बसून बघत होती. म्हणाली, "आवळाच नासका व्हता वाटतं." तुमची सून तिच्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं.  ट्रे धुवायला घेतले आणि असे आपटले की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

ते आपटणं माझ्या ओळखीचं होतं. आई असंच करायची. घनसावंगीकडच्या सासरची माणसं आत्याला मूल नाही म्हणून घालून पाडून बोलायची, आणि एक दिवस ती बोचकं घेऊन आली. तेव्हा तुम्ही चुलीपुढं उभं राहून सांगितलंत, "हिनं लई ऐकून घेतलंय. या घरात हिला कुणी शब्द बोलायचा न्हाई." मी दारात उभा होतो. तुमच्याबद्दल मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा पुन्हा कधी वाटला नाही, हेही लिहून ठेवतो. पण आबा, आईचं काय? एका चुलीपाशी दोन बाया इतकी वर्षं राहिल्या. आत्यानं भाजीत मीठ दोनदा टाकलं तरी आई गप्प, आईचा तवा तिनं न विचारता शेजारणीला दिला तरी आई गप्प. आईनं तिचं सगळं भांडण भांड्यांशी केलं. आणि तुम्ही जेवताना म्हणायचा, घर कसं शांत हाय. जायच्या आदल्या दिवशीही तुम्ही पाण्याचा घोट बाजूला सारून मला तेच सांगितलंत, माझ्या माघारी आत्याला शब्द लागू देऊ नको. मी हो म्हणालो. मरणाऱ्या बापाला दुसरं काय म्हणतात?

रात्री जेवणं झाल्यावर तुमच्या सुनेनं विषय काढला. हळू आवाजात, कारण भिंतीपलीकडं आत्या. "मस्तगडच्या दुकानदाराचा फोन आल्ता. म्हणे ताई, माल बराबर टायमावर पाहिजे, न्हाईतर मी दुसरीकडून घेतो. गिऱ्हाईक थांबत न्हाई. मी अजून एक घाणा टाकते. पर त्याच्या आधी आत्याबाईला तुम्ही सांगता, का मी सांगू?"

मी म्हणालो, "आबांनी—"

"आबांचं मला सांगू नका. ते आवळे उकडायला येनार न्हाईत." ती थांबली. "बघा, मी भांडण करनारी बाई न्हाई. पर ही भोकं अजून एकदा बुजली, तर मी पेट्यांचं खुराडं करते अन् कोंबड्या पाळते. कोंबडीला भोकाचं काही वाटत न्हाई."

ती हे करील, हे मला माहीत होतं. तुम्ही तिला नीट ओळखत नव्हता. तुमच्यासमोर ती खाली बघून भाकरी वाढायची. पण या पेट्या आल्यापासून ती सकाळी उठते ती काहीतरी करायचंय म्हणून उठते. दुकानदार फोनवर तिला ताई म्हणतो, आणि फोडी कशा झाल्या ते तिला विचारतो, मला नाही. ते गेलं तर ती मला बोलणार नाही, भांडी आपटील. पुढची वीस वर्षं मी ते आपटणं ऐकत बसेन आणि जेवताना म्हणेन, घर कसं शांत आहे. मला हे नको होतं, आबा.

तरीही मी बोललो नाही. बोलायचं सोडून बाकी सगळं केलं. पहाटे उठून पेचकसानं लिंपण खरवडून काढलं. दुपारी शेतातून आलो तर पुन्हा ताजं लिंपण. दुसऱ्या दिवशी भोकांना बारीक जाळी ठोकली, म्हणजे तिला वाटावं की उंदरांचा बंदोबस्त झाला. तिनं जाळीवरून लिंपलं, जाळीमुळं माती छान धरते म्हणून अजून जाड. शेण मिळू नये म्हणून मी गोठा उजाडायच्या आत साफ करायला लागलो. तर ती शेजाऱ्याच्या गोठ्यातून पाटीभर घेऊन आली आणि शेजाऱ्याला म्हणाली, "आमचा पोरगा आजकाल लई कामाचा झालाय, शेणाचा पो राहू देत न्हाई." पन्नाशीला आलेला माणूस मी, सत्तरी ओलांडलेल्या बाईशी शेणावरून लपाछपी खेळतोय, आणि दोघंही एकमेकांना काही म्हणत नाही. ती विचारत नाही की लिंपण कोण काढतं. मी विचारत नाही की कोण लावतं. तुमच्या एका वाक्यानं हे करून ठेवलंय. संध्याकाळी बुद्धवंदनेला बसलो की मैत्री, करुणा हे शब्द तोंडातून जायचे आणि डोळ्यांपुढं शेणाचं घमेलं यायचं.

शेवटी मी शेजाऱ्याला हाताशी घेऊन पेट्या स्लॅबवर चढवल्या. वर ऊन चांगलं, धूळ कमी, आणि मुख्य म्हणजे आत्याचे गुडघे. बाहेरून लावलेली लोखंडी शिडी तिला चढवणार नाही, अशी माझी खात्री. तुमच्या सुनेनं नवा घाणा टाकला. पहिला दिवस नीट गेला. फोडी आकसायला लागल्या होत्या, रंग छान आला होता. संध्याकाळी ती शिडीवरून उतरताना गाणं गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बैलाला पाणी दाखवून आलो आणि वर पाहिलं. आत्या शिडीच्या मध्यावर. लुगडं खोचलेलं, एका हातानं शिडी धरलेली, दुसऱ्या हातात शेणमातीचं घमेलं. पाय चाचपडत वरची पायरी शोधतोय.

मी ओरडलो. "आत्या, उतर खाली. कुणी सांगितलं तुला वर जायला? हात लावू नको त्या पेटीला. बिलकुल लावू नको."

एवढ्या मोठ्यानं मी पोरांवरही कधी ओरडलो नव्हतो. तुमची सून पिठाच्या हातानं बाहेर आली. आत्या शिडीवरच थांबली. मी जाऊन तिच्या हातातलं घमेलं घेतलं, तिला एकेक पायरी उतरवून ओट्यावर बसवलं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला होता, आणि तोही गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. भीती वाटली की माणूस काहीही बोलतो. मी म्हणालो, "आत्या, आबा सपनात आल्ते. तेच म्हणले, आत्याला बोलत जा."

तुम्ही असल्या गोष्टी मानत नव्हता, मला माहीत आहे. माणूस गेला की गेला, असं तुम्ही म्हणायचा. मीही तेच मानतो. पण तोंडातून निघून गेलं.

"कवा आल्ता?" आत्यानं विचारलं.

"परवा."

"काय घातलं व्हतं?"

"पांढरा सदरा."

"हं. पांढराच घालायचा." तिनं हाताची माती लुगड्याला पुसली. "अन् त्यो असं म्हणला? मला बोलत जा म्हणून?"

"व्हय."

तिनं पाय ओट्यावर घेतले. मग म्हणाली, "लई उशीर केला त्यानं." आणि मग, आबा, ती तुमच्यावर चिडली. "तुझ्या बापानं मला देव करून ठिवलं. कोनाड्यात बसवलं. भाजी खारट झाली तरी सगळे गुमान खात्यात. मला काय कळत न्हाई? जीभ मलाबी हाय. तुझी आई एकदा तरी म्हणली असती, वन्सं, मीठ हातानं टाकता का फावड्यानं, तर मीबी चार शब्द बोलले असते, अन् मंग दोघी बसून चहा पेलो असतो. न्हाई. कुणी काही बोलतच न्हाई. सासरी निदान शिव्या तरी देत व्हते."

तुमची सून दारातून म्हणाली, "मंग मी बोलू का, आत्याबाई?"

"बोल की."

"माझा अख्खा घाणा सडवला तुम्ही. भोकं बुजवून."

"मी सडवला?" आत्या ताठ झाली. "मंग तवाच का न्हाई सांगितलं? तोंडात काय व्हतं, आवळा?"

"तुम्हाला सांगायची चोरी व्हती."

"अन् भोकं कशाला ठिवलीस? सगळी ऊब जाऊन राह्यली व्हती. वखारीत असं भोक ठिवलं असतं तर याच्या बापानं कामावरून काढलं असतं मला."

"वखारीत वाळलेला माल असतो, आत्याबाई. तो वाळलेलाच ऱ्हावा म्हणून बुजवायचं. हा ओला हाय. ह्याचं पाणी कुठून जाईल?"

 दुसऱ्या दिवशी मी एक पेटी पुन्हा अंगणात उतरवली, आत्यासाठी. तुमच्या सुनेनं तिचा हात धरून वरच्या भोकावर ठेवला. तळहात ओला झाला तेव्हा आत्या म्हणाली, "अगं, ही तर घाम गाळून राह्यली." थोड्या वेळानं म्हणाली, "तरी भोकं जरा मोठीच झाली." तुमची सून म्हणाली, "मोठी न्हाईत, बराबर हाईत." मग दोघींचं अर्धा तास चाललं. मी बैलाकडं निघून गेलो.

तो घाणा मस्तगडला गेला. उशिरा गेला, त्यामुळं दुकानदारानं आधी कटकट केली, मग ठेवून घेतला, आणि पुढचा कधी असं विचारलं. पेट्यांचं खुराडं झालं नाही. पण शांतता गेली, हे तुम्हाला सांगायलाच हवं. सकाळपासून दोघींची जुगलबंदी सुरू असते. पाक पातळ, पाक घट्ट, ट्रे कुणी पालथा घातला, पोरांना फोडी कुणी दिल्या. आत्या भोकांची राखण करते. कोंबडी नुसती जवळून गेली तरी काठी उचलते. तुमची सून मला म्हणते, "जरा सांगा हो त्यांना, लई बोलतात." मी आता कुणालाच काही सांगत नाही. भांडी मात्र या घरात कुणी आपटत नाही.

एक गोष्ट राहिली, आणि हा कागद कुणाला दाखवणार नाही म्हणूनच लिहितो. त्या दिवसापासून आत्या रोज सकाळी चहा घेताना मला विचारते, "काल आल्ता का रं? काय म्हणला?" पहिल्यांदा मी नाही म्हणायला हवं होतं. तिचा चेहरा बघून मी म्हणालो, आल्ते, तुझ्या गुडघ्याचं विचारत होते. दुसऱ्या दिवशी म्हणालो, आवळ्याला पाणी जास्त देऊ नका म्हणाले. असं चाललंय. परवा तिनं विचारलं, माझी आठवण काढतो का, आणि मी म्हणालो, काढतात. रोज संध्याकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही म्हणायच्या जागी, माझा आवाज बसतो. शेजारी बसलेली आत्या तेच शील खणखणीत म्हणते.

तुम्ही एकदाही आलेला नाहीत, आबा. माझ्या स्वप्नात कधीच आला नाहीत. जिवंत असताना दिवसभरात चार वाक्यं बोलायचा, आणि आता मला रोज तुमच्यासाठी नवं वाक्य शोधावं लागतं. चिडून लिहायला बसलो होतो. पण खरं सांगतो, दुपारी शेतात काम करताना उद्या सकाळी तुम्ही काय म्हणाल याचा विचार मी करत असतो, आणि आत्यानं विचारायचं थांबवू नये असं मला वाटतं.